फोनच्या बॅटरीला ‘६२०६’ सारखा नंबर का नाही?

मे २०२५ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाकडे एका समितीने अहवाल दिला. विषय होता रिपेअरेबिलिटी इंडेक्स, म्हणजे एखादा फोन दुरुस्त करायला किती सोपा किंवा अवघड आहे याचे गुण. फ्रिजवर विजेचे स्टार असतात ना, तसाच काहीसा प्रकार. कंपनीने हे गुण स्वतः जाहीर करायचे आणि ते दुकानात, वेबसाइटवर, खोक्यावरच्या क्यूआर कोडमध्ये दिसायला हवेत, अशी शिफारस आहे.

ही बातमी मी वाचली तेव्हा माझ्या टेबलावर एक उघडलेलं मिलिंग मशीन होतं. त्याच्या स्पिंडलची बेअरिंगं गेली होती. ती बदलताना मला जे दिसलं, त्यावरून या इंडेक्सकडे बघायची माझी नजर बदलली. म्हणून आज दोन्ही गोष्टी एकत्र सांगतो. आधी मशीन, मग फोन.

मिलिंग मशीन म्हणजे काय, आणि ते माझ्याकडे कशाला?

ड्रिल मशीन सगळ्यांनी पाहिलेलं असतं. ते वरून खाली भोक पाडतं. मिलिंग मशीनमध्ये फिरणारं कटर धातूत आडवंही चालतं, त्यामुळे खाचा, सपाट बाजू, कोन असं सगळं कापता येतं. कटर ज्या दांड्यात बसतं तो स्पिंडल. आणि स्पिंडल ज्यांच्या आधारावर फिरतो ती बेअरिंगं.

मी कामाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. राहतो अंबरनाथ पूर्वेला, शिवमंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर. बाहेरगावचे लोक अंबरनाथ म्हटलं की इ.स. १०६० चा शिलालेख असलेलं मंदिर आणि महाशिवरात्रीची जत्रा आठवतात. पण या गावाची दुसरी ओळख लोखंडाची आहे. इथे ऑर्डनन्स फॅक्टरी आहे, मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी आहे. १ ऑक्टोबर २०२१ ला देशातल्या ४१ आयुध कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या, तेव्हा पहिली यंत्र इंडियाकडे आणि दुसरी आर्मर्ड व्हेइकल्स निगमकडे गेली. शिवाय आनंदनगर, मोरिवली, चिखलोली या एमआयडीसी आहेत. आमच्या गल्लीत निवृत्त फिटर किंवा टर्नर शोधायला दोन घरांपुढे जावं लागत नाही. अशा ठिकाणी राहून एखादं छोटं मशीन घ्यावंसं वाटणं साहजिक होतं. मी सेकंड हँड घेतलं. परदेशातून आलेलं, टेबलावर मावणारं, हॉबीवाल्यांसाठी बनवलेलं.

बेअरिंग गेलं हे कसं कळलं

आधी अ‍ॅल्युमिनियमच्या पृष्ठभागावर बारीक लाटा दिसायला लागल्या. मग आवाज बदलला. गुणगुणणारं मशीन घरघरायला लागलं. मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे पहिला विचार आला, फोनवर मोजूया.

‘फायफॉक्स’ नावाचं फुकट अ‍ॅप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठात बनलेलं. फोनमधले सेन्सर वापरून ते थरथर आणि आवाज मोजतं. फोन मशीनच्या डोक्याला चिकटवला आणि आलेख बघितला. इथे एक गंमत आहे, ती नीट समजून घ्या.

बेअरिंगच्या कडीवर ओरखडा पडला की प्रत्येक गोळी त्यावरून जाताना टिचकी बसते. सेकंदाला किती टिचक्या, ते गणिताने काढता येतं. माझ्या मशीनमध्ये ६२०६ नंबरचं बेअरिंग होतं. त्यात साधारणपणे ९ गोळ्या असतात. अशा बेअरिंगचा स्पिंडल एकदा फिरला की बाहेरच्या कडीवरच्या ओरखड्याला सुमारे ३.५७ टिचक्या बसतात, आतल्या कडीवरच्याला ५.४३. मशीन मिनिटाला १५०० फेऱ्यांनी चालवलं, म्हणजे सेकंदाला २५. गुणाकार केला तर बाहेरची कडी सुमारे ८९ हर्ट्झ, आतली सुमारे १३६ हर्ट्झ.

आता फोनची बाजू. अँड्रॉइड १२ पासून, अ‍ॅपने वेगळी परवानगी जाहीर केली नसेल तर हालचालीचे सेन्सर सेकंदाला २०० पेक्षा जास्त नोंदी देत नाहीत. हे बंधन तुमच्या खासगीपणासाठी आहे, कारण जलद नोंदी मिळाल्या तर थरथरीवरून बरीच माहिती चोरता येते. पण २०० नोंदींमध्ये जास्तीत जास्त १०० हर्ट्झपर्यंतचीच थरथर खरी दिसते. म्हणजे ८९ जेमतेम सापडेल. १३६ मात्र एकतर दिसणार नाही किंवा चुकीच्या जागी, ६४ हर्ट्झला उमटेल. मायक्रोफोनला ही अडचण नाही, पण त्याला पट्टा, मोटर आणि बाहेरची रिक्षाही ऐकू येते.

थोडक्यात, फोनने ‘गेल्या महिन्यापेक्षा आवाज वाढलाय’ एवढं कळतं. ‘कुठलं बेअरिंग आणि किती गेलंय’ हे कळत नाही.

शेजारचे काका आले. कारखान्यात फिटर होते. त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनच्या डोक्याला लावलं, मूठ कानाला लावली, दहा सेकंद ऐकलं आणि म्हणाले, “खालचं गेलंय रे. डायल लाव, दिसेल.”

डायल म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग दाखवणारं घड्याळासारखं गेज. मशीन बंद ठेवून त्याचं टोक स्पिंडलच्या नाकाला लावायचं आणि हाताने स्पिंडल पुढेमागे ढकलायचा. काटा ०.०६ मिलिमीटर हलला. ऐकायला काहीच नाही, साधारण एका केसाएवढं. पण कटर प्रत्येक दाताला केसाएवढं सरकत असेल तर कापलेल्या धातूवर लाटा उमटणारच. या कामात ०.०१ च्या आसपास असलं तर समाधान मानायचं.

बेअरिंग का झिजतं

तीन कारणं नेहमीची. पहिलं, बारीक कीस आणि कटिंग ऑइल आत शिरणं. दुसरं, चुकीचा भार. ६२०६ हे साधं बॉल बेअरिंग मुख्यतः आडवा भार घ्यायला असतं. मिलिंगमध्ये वर-खालीही ओढ बसते. स्वस्त मशीनमध्ये खर्च वाचवायला तेच टाकतात. तिसरं कारण आपल्याकडचं, पावसाळा. बेअरिंगचं पोलाद कडक असतं, त्यात साधारण १ टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम. स्टेनलेस व्हायला एवढं क्रोमियम अजिबात पुरत नाही. जून ते सप्टेंबर मशीन न चालवता ठेवलं तर गोळी जिथे टेकलेली असते तिथेच गंजाचा ठिपका धरतो. माझं बेअरिंग उघडलं तेव्हा कडीवर असेच ठिपके होते, गोळ्यांएवढ्या अंतरावर.

चार आकड्यांत सगळी कुंडली

आता या लेखातला माझा आवडता भाग. ज्या कंपनीने मशीन आयात केलं होतं तिला मी मेल केला. उत्तर आलं की बेअरिंग वेगळं मिळत नाही, पूर्ण स्पिंडल असेंब्ली घ्या. ती पण स्टॉकमध्ये नाही. मॅन्युअलमध्ये स्पिंडलचं चित्रच नव्हतं.

फोनच्या बाबतीत गोष्ट इथेच संपली असती. इथे संपली नाही, कारण जुन्या बेअरिंगच्या कडेवर ६२०६ कोरलेलं होतं.

हा नंबर वाचायला सोपा आहे. शेवटचे दोन आकडे घ्या आणि ५ ने गुणा. ०६ गुणिले ५, म्हणजे आतलं भोक ३० मिलिमीटर. हा नियम ०४ पासून पुढे चालतो. आधीचा ६ सांगतो की हे साधं खोल खाचेचं बॉल बेअरिंग आहे. २ ही मालिका, तिच्यावरून बाहेरचा व्यास ६२ आणि जाडी १६ मिलिमीटर ठरते. ही मापं आंतरराष्ट्रीय प्रमाणात ठरलेली आहेत. चिंचवडला बनवलेलं, जयपूरला बनवलेलं, जपानला बनवलेलं, कुठलंही ६२०६ घ्या, त्याच जागेत बसणार. आठवतंय, २०१७ मध्ये सगळ्यांच्या हातात फिजेट स्पिनर होता? त्याच्या मधे बहुतेक वेळा ६०८ असायचं. तेच स्केटिंगच्या चाकातही असतं.

नंबरनंतरची अक्षरंही महत्त्वाची आहेत. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं. टूआरएस म्हणजे रबरी सील. सी३ म्हणजे आत नेहमीपेक्षा जास्त मोकळीक. इथे सावध राहा. सी३ मोटरसाठी चांगलं, कारण मोटर तापते आणि बेअरिंगला फुगायला जागा लागते. दुकानात मोटरवाल्यांचीच गर्दी असल्यामुळे तुम्ही न सांगता सी३ हातात पडू शकतं. स्पिंडलमध्ये ते बसवलं तर नवं बेअरिंग टाकूनही खेळ तसाच. पी५, पी४ ही अक्षरं अचूकतेची, आकडा लहान तेवढं बेअरिंग अचूक.

आणखी एक सोय. ७२०६ चीही मापं तीच, ३०-६२-१६. पण त्याची खाच तिरकी असते, त्यामुळे ते आडवा आणि एका दिशेने उभा असे दोन्ही भार घेतं. असे दोन उलटसुलट तोंडाने बसवले की स्पिंडल वर-खाली दोन्हीकडून पकडला जातो. म्हणजे मशीनच्या बॉडीला हात न लावता, कारखान्याने दिलं त्यापेक्षा चांगलं बेअरिंग मी टाकू शकत होतो. कोणाची परवानगी लागत नाही.

पहिली चूक

मी ऑनलाइन गेलो. एका साइटवर नावाजलेल्या ब्रँडचं खोकं तिसऱ्या हिश्श्याच्या किमतीत होतं, वर पी५ लिहिलेलं. मागवलं, बसवलं. तीन आठवड्यांत घरघर परत आली.

तेव्हा कळलं की बेअरिंगची नक्कल हा मोठा धंदा आहे. हलक्या मालावर लेझरने नाव कोरतात आणि खोकं छापतात. खोक्यावरून ओळखणं तज्ज्ञांनाही जमत नाही. यासाठी कंपन्यांनी फोनवर सोय केलीय. एसकेएफचं ‘ऑथेंटिकेट’, शेफलरचं ‘ओरिजिनचेक’. अशा अ‍ॅपवरून बेअरिंगचे आणि खोक्याचे फोटो कंपनीकडे तपासायला जातात. माझ्या बेअरिंगचे फोटो मी त्या ब्रँडला पाठवले. उत्तर आलं, हा आमचा माल नाही. विकणाऱ्याने पैसे परत दिले नाहीत.

तात्पर्य साधं आहे. फोटो खरेदीनंतर पाठवण्यापेक्षा कंपनीच्या वेबसाइटवरची अधिकृत विक्रेत्यांची यादी खरेदीआधी बघा. मी दुसऱ्यांदा लोकल पकडून मस्जिद बंदरला उतरलो आणि नागदेवी स्ट्रीटला गेलो. तिथे बेअरिंगची दुकानं ओळीने आहेत, पण त्यातही यादीतलंच निवडलं आणि पक्कं बिल घेतलं.

बसवताना काय सांभाळायचं

काढणं सोपं. प्लग काढा, पट्टा आणि पुली काढा, वरचा लॉकनट सोडवा, स्पिंडल खाली दाबून बाहेर घ्या. हातोडी थेट मारायची नाही, मधे पितळेचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा धरायचा. स्पिंडलवर घट्ट बसलेलं बेअरिंग पुलरने ओढायचं.

बसवणं मात्र शांतपणे.

दाब नेहमी जी कडी घट्ट बसणार आहे तिच्यावरच द्यायचा. बेअरिंग स्पिंडलवर चढवताना फक्त आतल्या कडीवर टेकेल असा पाइप घ्या. बाहेरच्या कडीवर ठोकलं तर सगळा जोर गोळ्यांमधून जातो आणि खाचेत बारीक खळगे पडतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून घरघरतं.

ठोकणं टाळायचा उपाय म्हणजे गरम-थंड. पोलाद दर अंशाला मीटरमागे सुमारे १२ मायक्रॉन फुगतं. ३० मिलिमीटरचं भोक ६० अंशांनी तापवलं तर सुमारे ०.०२ मिलिमीटर मोठं होतं. एवढं बऱ्याचदा पुरतं. उघडं बेअरिंग ८० ते १०० अंशांपर्यंत तापवायला हरकत नाही. १२० च्या पुढे जाऊ नका, पोलादाचा गुण बिघडू लागतो. रबरी सील किंवा आधीच ग्रीस भरलेलं असेल तर ८० वरच थांबा. आणि गॅसच्या ज्योतीवर कधीच धरू नका.

स्पिंडल फ्रिजरमध्ये ठेवायची युक्तीही चालते. मी ठेवला होता, मटारच्या पिशवीशेजारी. आईने दोन दिवस बोलणं कमी केलं होतं. पण पावसाळ्यात ही युक्ती टाळा. थंड लोखंड बाहेर काढलं की क्षणात पाणी सुटतं आणि ते पाणी नव्या बेअरिंगमध्ये जातं.

ग्रीस कमी भरा. आतल्या मोकळ्या जागेचा चौथा ते तिसरा हिस्सा पुरतो. ‘जास्त ग्रीस म्हणजे जास्त आयुष्य’ हा गैरसमज आहे, जास्त ग्रीस घुसळलं जातं आणि बेअरिंग तापतं. हात कोरडे ठेवा, घामाचे डागही गंज धरतात.

शेवटी लॉकनट. ७२०६ च्या जोडीला थोडा ताण द्यावा लागतो, म्हणजे गोळ्यांमध्ये अजिबात मोकळीक राहत नाही. डायल लावून नट थोडा थोडा आवळायचा. काटा हलायचा थांबला की अगदी किंचित पुढे. मग अर्धा तास मशीन रिकामं चालवायचं, आधी हळू, मग वेगात. थांबवून, प्लग काढून डोक्याला हात लावायचा. कोमट लागलं तर बरोबर. हात ठेववत नसेल तर नट सैल करा.

माझं पहिल्यांदा फार तापलं. काका म्हणाले, “घाईने आवळलंस. ते काय पाण्याच्या बाटलीचं झाकण आहे?” दुसऱ्यांदा जमलं.

आता फोनकडे

समितीच्या अहवालात फोनचे महत्त्वाचे भाग सांगितलेत. बॅटरी, डिस्प्ले, मागचं कव्हर, कॅमेरे, चार्जिंग पोर्ट, बटणं, माइक, स्पीकर, घडीच्या फोनचं बिजागर वगैरे. गुण देताना बघायचं की सुटा भाग वेळेत आणि परवडेल असा मिळतो का, दुरुस्तीची माहिती दिलीय का, उघडायला किती पायऱ्या आणि कुठली हत्यारं लागतात, सॉफ्टवेअर अपडेट किती दिवस. यादी चांगली आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून फोनला असे १० पैकी गुण लावायला सुरुवात झाली. युरोपात २० जून २०२५ पासून फोनच्या लेबलवर दुरुस्तीचा वर्ग असतो आणि मॉडेल बाजारातून गेल्यावर सात वर्षं महत्त्वाचे सुटे भाग द्यावे लागतात.

पण माझ्या मशीनला या कसोटीवर किती गुण मिळाले असते? सुटा भाग कंपनीकडे नाही, मॅन्युअलमध्ये चित्र नाही, मदत नाही. जवळजवळ शून्य. तरीही ते दुरुस्त झालं, कारण एक भाग सगळ्यांचा सारखा होता. उलट एखादा फोन सगळ्या रकान्यांत चांगले गुण मिळवेल, पण त्याची बॅटरी फक्त त्याच मॉडेलला बसेल. कंपनीने भारतातून गाशा गुंडाळला तर ते गुण कागदावर राहतील.

‘सगळ्यांचा सारखा भाग’ फोनमध्ये शक्यच नाही असं म्हणू नका. बीएल-५सी आठवतेय? नोकियाची बॅटरी. कित्येक मॉडेलना एकच. पुढे ती छोट्या रेडिओत आणि स्पीकरमध्येही आली. आजही कोपऱ्यावरच्या दुकानात नंबर सांगितला की दुकानदार देतो. अर्थात तिची दुसरी बाजूही आहे. २००७ मध्ये नोकियाने अशा ४.६ कोटी बॅटऱ्या बदलून द्यायची सूचना काढली, कारण त्या चार्जिंग करताना तापू शकत होत्या. आणि बाजारात नकलाही भरपूर होत्या. म्हणजे एकसारखा नंबर आला की नक्कलही येते, हे बेअरिंगसारखंच. त्यावर उपाय तपासणीचा आहे. नंबरच बंद करण्याचा नाही.

आजचे फोन उलट दिशेने गेलेत. पातळ करण्यासाठी प्रत्येक बॅटरीचा आकार वेगळा, हे एक कारण खरं आहे. पण दुसरं कारण सॉफ्टवेअरचं, आमच्या क्षेत्राचं. भागाचा सिरियल नंबर फोनशी बांधलेला असतो. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या फोनमधला अस्सल डिस्प्ले काढून लावला तरी इशारा येऊ शकतो किंवा एखादी सोय बंद पडू शकते. याला पार्ट्स पेअरिंग म्हणतात. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने २०२४ मध्ये याविरुद्ध कायदा केला. कंपन्या म्हणतात, चोरीचे भाग आणि नकली बॅटऱ्या थांबवायला हे लागतं. मुद्दा अगदीच खोटा नाही, माझी तीन आठवड्यांची घरघर साक्षीला आहे. पण बेअरिंग कंपन्यांनी नक्कल ओळखायला अ‍ॅप दिलं. दुसऱ्या कंपनीचं बेअरिंग लावलं म्हणून मशीन बंद पाडायची सोय कोणी केली नाही.

म्हणून इंडेक्सच्या रकान्यांत मला आणखी दोन प्रश्न हवेत. हा भाग दुसऱ्या मॉडेलला किंवा दुसऱ्या कंपनीचा चालतो का? आणि तो बदलल्यावर सॉफ्टवेअर अडवतं का? हे दोन प्रश्न नसतील तर कंपनीच स्वतःला गुण देणार आणि आपण तारे मोजत बसणार.

आणखी एक. सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं काम सुरू केलं तेव्हा चार क्षेत्रं घेतली. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, वाहनं. त्यात छोट्या वर्कशॉपची मशीनं नाहीत. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर पट्ट्यात दोन-तीन मशीनवर घर चालवणारे लोक आहेत. माझं मशीन बंद पडलं तर माझा रविवार जातो. त्यांचं बंद पडलं तर ऑर्डर जाते. सुट्या भागांचे नंबर आणि स्पिंडलचं चित्र मॅन्युअलमध्ये छापायला लावणं, यासाठी मोठा कायदा लागत नाही.

पुढचा फोन घेताना तुम्ही एवढं करा. त्या मॉडेलची बॅटरी आणि डिस्प्ले आज काय भावाला मिळतो ते कंपनीच्या सर्व्हिस पेजवर बघा. अपडेट कुठल्या वर्षापर्यंत ते लिहून घ्या. बाहेर डिस्प्ले बदलला तर काय बंद पडतं, हे घेण्याआधी गल्लीतल्या मोबाइलवाल्याला विचारा. त्याला बरोबर माहीत असतं.

माझ्या मशीनवर परवा पुन्हा डायल लावला. काटा ०.०१ च्या आत राहिला. स्पिंडलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मी मार्करने लिहून ठेवलंय: ७२०६, दोन नग, सी३ नको. पुढे हे मशीन ज्याच्याकडे जाईल त्याला कुठे मेल करावा लागणार नाही.